सेनापती कैदेत, लढाई चालूच

१९ डिसेंबर १५६२ रोजी पॅरिसच्या पश्चिमेला द्रो या गावाजवळ फ्रान्सच्या धर्मयुद्धांतली पहिली मोठी मैदानी लढाई झाली. राजाच्या कॅथलिक फौजेचा सरसेनापती होता आन द मोंमोरांसी, वय एकोणसत्तर. समोर प्रोटेस्टंट, म्हणजे ह्यूगेनो, फौजेचा म्होरक्या राजघराण्यातलाच लुई, कोंदेचा राजपुत्र. अंधार पडला तेव्हा मोंमोरांसी ह्यूगेनोंच्या कैदेत होता आणि कोंदे कॅथलिकांच्या. मार्शल सेंतांद्रे हा राजाकडचा दुसरा बडा सरदार मारला गेला होता. लढाई जिंकली ती गीझच्या ड्यूकने, ज्याच्याकडे त्या दिवशी कागदोपत्री स्वतःच्या पथकापलीकडे कसलाच हुकूम नव्हता. आणि हरलेले ह्यूगेनो घोडदळ गोळा करून शिस्तीत मागे हटला तो कोलिन्यी, म्हणजे मोंमोरांसीच्या बहिणीचा मुलगा. मामा एका बाजूला, भाचा दुसऱ्या.

ही लढाई टेबलावर मांडायची ठरवली तर कोणती नियमावली घ्यावी, हा या प्रकरणाचा विषय.

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडलेल्या हाताला हा छंद परका वाटणार नाही. फक्त इथे मांडून झाल्यावर खरा खेळ सुरू होतो. सहा फूट बाय चार फुटांचे टेबल, धातूचे किंवा प्लास्टिकचे रंगवलेले सैनिक, मोजपट्टी, फासे आणि एक पुस्तिका. कोण किती इंच सरकेल, कोणाची गोळी लागेल, कोणाचा धीर सुटेल, हे सगळे ती पुस्तिका ठरवते. प्रशियाच्या लेफ्टनंट राइसवित्झने १८२४ साली अशी पुस्तिका लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी काढली. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून तोच खेळ घराच्या फरशीवर आणला. त्यात तर स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफांनी खरोखर नेम धरून सैनिक पाडायचे असत. आज नुसत्या सोळाव्या-सतराव्या शतकासाठी म्हटले तरी डझनावारी नियमावल्या मिळतात आणि नवा खेळाडू दुकानदाराला किंवा मित्राला हमखास विचारतो, यातली सर्वांत चांगली कोणती?

या प्रश्नाला उत्तर नाही. प्रत्येक नियमावली म्हणजे तिच्या लेखकाने ‘त्या काळी लढाया का जिंकल्या जात’ या प्रश्नाला दिलेले उत्तर असते. एकाला वाटते शिस्तीने, दुसऱ्याला वाटते शस्त्राने, तिसऱ्याला सेनापतीच्या हुकमतीने. मुखपृष्ठावर भालाईत आणि बंदूकधारी काढले म्हणून आतला इतिहास एकसारखा होत नाही. म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी एक लढाई निवडावी, तिच्याबद्दल जमेल तितके वाचावे, आणि मग पुस्तिकेला विचारावे: तुझ्या नियमांत हे घडू शकेल का? रोज घडायला नको, पण घडू शकायला हवे. द्रोची लढाई अशा उलटतपासणीला फार उत्तम, कारण ती बहुतेक नियमावल्यांची फजिती करते.

पहिली अडचण काळाची. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये जॉर्ज गश याची वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने छापलेली नियमावली लोकप्रिय होती. तिचा आवाका १४९० ते १६६०. पुढे फिल बार्कर आणि रिचर्ड बोडली स्कॉट यांची ‘डी बेलिस रेनाशिओनिस’, खेळाडूंच्या तोंडी ‘डीबीआर’, आली; तिने १४९४ ते १७०० पर्यंत हात पसरले. ‘फील्ड ऑफ ग्लोरी रेनेसान्स’चेही तसेच. दोनशे वर्षांचे युद्ध एका पुस्तिकेत कोंबताना लेखकाची नजर कुठेतरी स्थिरावतेच आणि ती बहुधा १६१८ ते १६४८ चे तीस वर्षांचे युद्ध किंवा इंग्लंडचे यादवी युद्ध यांवर स्थिरावते. गिऱ्हाईक तिथे, सैनिकांचे साचेही तिथलेच. परिणामी १५६२ च्या फ्रेंच फौजांना १६३२ चे स्वीडिश कपडे चढवले जातात: मधे भालाईत, दोन्ही अंगांना बंदूकधारी, ठरावीक मापाची पलटण, ठरावीक फैरी.

फ्रान्समध्ये तेव्हा असे काही नव्हते. फ्रेंच पायदळात लांब भाले कमी आणि तोडेदार बंदुका जास्त. भालाइतांची घट्ट भिंत हवी असेल तर ती भाड्याने आणावी लागे, स्वित्झर्लंडहून नाहीतर जर्मनीतून. द्रोला राजाच्या बाजूने स्विस उभे होते. कोंदेच्या घोडदळाने मोंमोरांसीची डावी बगल उधळली, म्हातारा सेनापती पकडला गेला, आणि मग त्या घोडदळाने स्विसांच्या चौकोनावर एकामागून एक चढाया केल्या. चौकोनात भगदाडे पडली, नायक मेले, पण लोक पुन्हा एकत्र येत राहिले. इतकेच नव्हे, गमावलेल्या तोफांकडे चालूनही गेले. त्यांच्यावर सोडलेले ह्यूगेनोंचे जर्मन भाडोत्री पायदळ मात्र स्विस अंगावर येताच पळाले.

नियमावलीची पहिली परीक्षा इथे होते. पुष्कळ पुस्तिकांत पलटणीला तीन-चार ‘जखमा’ झाल्या की ती उचलून डब्यात ठेवायची. अशा हिशेबात स्विस दुसऱ्या चढाईला संपतात. ‘पाईक अँड शॉट’ या २०१२ च्या नियमावलीत पलटणीला दमसासाची मर्यादा असते आणि ती ओलांडली की पलटण ‘डळमळीत’ होते, पण लगेच नाहीशी होत नाही. सेनापती जवळ येऊन तिला सावरू शकतो. हे द्रोच्या बरेच जवळ जाते. एका ब्रिगेडच्या अर्ध्याहून अधिक पलटणी डळमळीत झाल्या की सगळी ब्रिगेड मोडते, ही तिची दुसरी अट मात्र या लढाईत अडचणीची. डावी बगल उधळली तरी तिच्या शेजारचे स्विस उभे राहिले होते. म्हणून द्रो मांडताना स्विसांची वेगळी ब्रिगेड करावी. पुस्तिकेची त्याला ना नाही.

दुसरी परीक्षा घोडदळाची, आणि फ्रान्सच्या या युद्धांचा सगळा रस इथे साठलेला आहे. फ्रेंच सरदार अंगभर चिलखत घालून, लांब बरची घेऊन, एका पातळ ओळीत चढाई करत. प्रत्येकाला पहिल्या रांगेत मान हवा, मग मागे उभे राहणार कोण? जर्मन राइटर स्वार मात्र दाट, खोल तुकड्यांत येत. हातात पिस्तुले, कमरेला तलवार. कोण वरचढ, यावर तेव्हाच वाद झडत. फ्रांस्वा द ला नू या ह्यूगेनो सरदाराचा एक हात १५७० मध्ये गोळीने निकामी झाला. त्याजागी त्याने लोखंडी हात बसवून घेतला आणि पुन्हा घोड्यावर बसला. पुढे स्पॅनिश कैदेत असताना त्याने लष्करी निबंध लिहिले; ते १५८७ साली छापून आले. त्यात तो ठासून सांगतो की पिस्तूलवाल्यांची तुकडी नीट चालवली तर तिने बरचीवाल्यांना हरवलेच पाहिजे. पातळ ओळीत शूर पुढे जातात आणि बाकीचे हळूच रेंगाळतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला कूट्राच्या लढाईने त्याला जणू पावती दिली. ह्यूगेनोंचा नेता नव्हारच्या हेन्रीने आपले स्वार खोल तुकड्यांत उभे केले, त्यांच्या मधल्या फटींत बंदूकधाऱ्यांच्या टोळ्या बसवल्या, आणि शत्रू अगदी जवळ येईपर्यंत गोळी राखून ठेवायला सांगितले. राजाच्या फौजेचा सेनापती झ्वायोझच्या ड्यूकचे झगमगीत सरदार दुरूनच घोडे फेकत आले. थोड्या वेळात झ्वायोझ मेला होता आणि त्याच्याबरोबर शेकडो सरदार.

आता पुस्तिका उघडून पाहा. ‘जड घोडदळ’ असा एकच वर्ग करून त्यात बरचीवाले आणि पिस्तूलवाले दोघांना बसवले असेल तर ती फ्रान्ससाठी बाद, बाकी कितीही सुबक असो. ‘डीबीआर’ इथे भाव खाऊन जाते: तिच्यात बरचीवाले आणि पिस्तूलवाले हे दोन स्वतंत्र वर्ग आहेत आणि त्यांची प्रतवारीही आहे. पण बार्करची भाषा! एकेका वाक्यात इतक्या अटी की वकिलालाही घाम फुटावा. ज्यांना असली वाक्ये सोडवण्यातच आनंद मिळतो असे खेळाडू मी पाहिले आहेत. मी त्यांतला नाही. इटालियन लोरेन्झो सार्तोरीची ‘बारोक’ वाचायला पुष्कळ सोपी, १५५० नंतरच्या काळापुरतीच, आणि चढाईच्या धडकेला वेगळे वजन देणारी.

राइटर स्वारांवर आणखी एक अन्याय पुस्तिकांतून सर्रास होतो. एक रांग पुढे येणार, पिस्तूल झाडणार, वळून मागे जाणार, हा ‘काराकोल’ त्यांच्या नावाला इतका चिकटला आहे की काही नियमांत त्यांना दुरून गोळ्या उडवण्यापलीकडे काही करताच येत नाही. स्विसांच्या भाल्यांसमोर तसे करणे शहाणपणाचेच होते. पण घोडदळाशी गाठ पडली की हेच लोक शत्रूच्या अंगाला पिस्तूल टेकवून झाडत आणि तलवारीने आत घुसत. दोन्ही गोष्टी करू देणारा नियम हवा.

तिसरी परीक्षा हुकमतीची. द्रोला कोंदेचे स्वार जिंकले आणि हाताबाहेर गेले. त्यांतले बरेच पळणाऱ्यांच्या आणि सामानसुमानाच्या मागे लागले. ऐंशी वर्षांनी इंग्लंडमध्ये एजहिलला प्रिन्स रूपर्टच्या घोडदळाने हेच केले. आपल्या खेळाडूला मात्र आभाळातून सगळे दिसत असते, त्यामुळे त्याचे जिंकलेले स्वार लगेच वळून शत्रूच्या पिछाडीवर येतात. म्हणून स्वार खेळाडूच्या हातून काढून घेणारा नियम लागतो. सायमन मिलर आणि अँड्र्यू ब्रेंटनॉल यांच्या ‘फॉर किंग अँड पार्लमेंट’मध्ये पाठलाग करणारे घोडदळ टेबलाबाहेर निघून जाऊ शकते. ही नियमावली इंग्लिश यादवीसाठी आहे, मोजपट्टीऐवजी चौकटी वापरते आणि फाशांऐवजी पत्त्यांवर चालते, पण हा तुकडा दुसरीकडे उचलून लावण्यासारखा आहे.

आणि गीझ? त्याने काय केले? तो थांबला. डावी बगल उधळली, सेनापती पकडला गेला, आजूबाजूचे लोक पुढे चला म्हणत असतील, तरी शत्रूचे घोडदळ विखुरून दमेपर्यंत तो हलला नाही. मग ह्यूगेनोंच्या उघड्या पडलेल्या पायदळावर तुटून पडला. त्याच्या विरुद्ध बाजूने लढलेल्या ला नूनेही या धीराची वाखाणणी केली आहे. बहुतेक खेळांत हे सुचतच नाही, कारण प्रत्येक पाळीला प्रत्येक पलटण फुकटात हलवता येते आणि उभे राहणे म्हणजे पाळी वाया घालवणे. ‘डीबीआर’मध्ये प्रत्येक सेनापती दर पाळीला एक फासा टाकतो आणि जितके ठिपके तितक्याच हालचाली करू शकतो, तिथे हालचाल महाग म्हणून थांबणे आपोआप स्वस्त. ‘पाईक अँड शॉट’मध्ये हुकूम आधी मोठ्याने बोलायचा आणि मग दोन फासे टाकायचे. बेरीज सेनापतीच्या कुवतीच्या आकड्याइतकी किंवा खाली आली तर पलटण हलते, फारच खाली आली तर तीन पट हलते, वर गेली तर जागची हलत नाही, आणि दोन्ही फाशांवर सहा पडले तर भलतेच काहीतरी करून बसते. चार मित्र जमले असतील तर याच्यासारखी करमणूक नाही. पण एकाच पाळीत टेबलभर धावणारे पायदळ पाहून इतिहासाच्या अभ्यासकाच्या भुवया वर जातात, आणि मला त्यांची बाजू पटते. मी मोठ्या लढायांत एका पाळीला दोनच्या वर चाली करू देत नाही.

सेनापती पडणे हा नियमावल्यांत बहुधा अपवाद असतो: फाशावर अमुक पडले, तर पुन्हा टाका, पुन्हा अमुक पडले तर जखमी. या युद्धांत ती रोजची गोष्ट होती. सुटून आलेला मोंमोरांसी १५६७ मध्ये सें-दनीला प्राणांतिक जखमी झाला. कोंदे १५६९ मध्ये झार्नाकला शरण गेल्यावर मारला गेला. फ्रान्ससाठी सेनापतीला धोका दुप्पट करावा, हीच माझी पहिली घरगुती दुरुस्ती.

आता धर्म. कितीतरी याद्यांत ह्यूगेनोंना ‘धर्मवेडे’ म्हणून मनोधैर्याला एक जादा गुण दिलेला असतो. कूट्राला लढाईपूर्वी त्यांनी स्तोत्र म्हटले, हे खरे. ते ऐकून समोरच्यांना ते घाबरले असे वाटले, अशीही आख्यायिका आहे. पण हा जादा गुण द्यायचा कोणाला? जर्मन राइटर दोन्ही फौजांत पगारावर होते. १४ मार्च १५९० ला इव्रीच्या लढाईत प्रोटेस्टंट राजा चौथ्या हेन्रीची, म्हणजे कूट्राच्याच नव्हारच्या हेन्रीची, राखीव फळी सांभाळत होता मार्शल बिरों, कॅथलिक. समोर कॅथलिक लीगच्या मदतीला स्पॅनिश नेदरलँड्सचे घोडदळ घेऊन आला होता फिलिप ऑफ एग्मोंट. याच्याच बापाचे डोके स्पेनच्या ड्यूक ऑफ आल्बाने १५६८ मध्ये ब्रुसेल्सच्या चौकात उडवले होते. मुलगा इव्रीला स्पेनच्या बाजूने लढता लढता मेला. याला कोणत्या रकान्यात बसवणार? श्रद्धेचा जादा गुण मी सरळ खोडून टाकतो.

धर्म दिसतो तो लढाईच्या आधी आणि नंतर: कोणते गाव वेशीचा दरवाजा उघडेल, कोणता प्रांत रसद देईल, कैद्याचे काय होईल. कैद्यांच्या बाबतीतही तो एकटा नसतो. द्रोच्या रात्री गीझने कैदी कोंदेला आपल्या पंगतीला घेतले आणि आपल्याच बिछान्यात झोपवले, असे ला नू सांगतो. इव्रीला हेन्रीने शरण आलेल्या स्विसांना जीवदान दिले, पण जर्मन भाडोत्री पायदळाची कत्तल झाली. आर्कच्या लढाईत शरण आल्याचे सोंग करून त्यांनी दगा दिला होता, त्याचा हा सूड. शरणागतीचा असा हिशेब लढाईमागून लढाई पुढे चालवणारी मोहीम खेळली तरच या काळाची चव कळते. व्हासी गावातली ह्यूगेनोंची कत्तल किंवा २४ ऑगस्ट १५७२ चे सेंट बार्थोलोम्यू दिनाचे हत्याकांड मात्र टेबलावर मांडू नये, या मताचा मी आहे. निःशस्त्रांना मारण्यात खेळ कसला?

तीस वर्षांच्या युद्धाकडे वळले की प्रश्नच बदलतात. १७ सप्टेंबर १६३१ ला ब्राइटनफेल्डला स्वीडनच्या गुस्ताव्हस अडॉल्फसचे सॅक्सन दोस्त लढाई रंगण्याआधीच पळाले आणि अर्धी आघाडी रिकामी झाली. गुस्ताव हॉर्नने डावी बगल वळवून, मागच्या फळीतून कुमक आणून शत्रुसेनापती टिलीला थोपवले. इथे परीक्षा एका सरदाराच्या धिराची नसून दुसऱ्या फळीची आणि फौजेच्या घडणीची आहे. यासाठी प्रत्येक गोळीला फासे न टाकता पलटणीवरचे सगळे दडपण एका मनोधैर्याच्या चाचणीत आवळणारी ‘ट्वायलाइट ऑफ डिव्हाइन राइट’ मला आवडते. नव्या माणसाला ती कोरडी वाटते. लढाईच्या शेवटी मात्र टेबलाकडे पाहिले की जुन्या नकाशासारखे काहीतरी दिसते.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. बहुतेक पुस्तिकांत दोन्ही बाजूंना सारखे गुण वाटून फौजा उभ्या करायची सोय असते. धर्मयुद्धांत ती शक्यतो वापरू नये. द्रोला राजाकडे पायदळ जास्त, ह्यूगेनोंकडे घोडदळ जास्त, आणि त्या असमतोलातूनच लढाई घडली. सैनिकांच्या तळपट्ट्या चिकटवण्याची घाई करू नये, कारण मापे पुस्तिकेगणिक बदलतात आणि रंगवलेले भालाईत सोलून काढताना भाले आधी मोडतात. आपल्याकडे २८ मिलिमीटरचे सैनिक परदेशातून मागवायचे म्हणजे टपालखर्च आणि सीमाशुल्क यांतच अर्धी फौज खर्ची पडते. पीटर डेनिसच्या ‘पेपरबॉइज’ मालिकेसारखे छापून कापायचे कागदी सैनिक किंवा ६ मिलिमीटरचे इवले सैनिक परवडतात, आणि दाट चौकोन तर ६ मिलिमीटरमध्येच चौकोनासारखा दिसतो. त्याही आधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून द्रोचा एवढाच भाग खेळावा: एक स्विस चौकोन, चार घोडदळाच्या तुकड्या, पाच-सहा पाळ्या. स्विस झिजले पण उरले, तर पुस्तिका ठेवावी.

एवढे करून हाती येते ती मोठ्या लढाईची नियमावली, आणि फ्रान्सच्या छत्तीस वर्षांत मोठ्या लढाया बोटांवर मोजण्याइतक्याच. बाकीचा काळ गेला तो वेढ्यांत, रात्रीच्या छाप्यांत, पुलांवर, रसदीच्या गाड्या अडवण्यात, एखाद्या गढीतली शिबंदी फितवण्यात. यासाठी माझ्या टेबलावर ‘द पाईकमन्स लॅमेंट’ असते. डॅनियल मर्सी आणि मायकेल लेक यांची ही छोटी पुस्तिका २०१७ ची. खेळाडू एका अधिकाऱ्याच्या भूमिकेत, हाताखाली सहा-सहा, बारा-बारा जणांची पथके. दुडक्या चालीने येऊन गोळी झाडणारे स्वार वेगळे, भरधाव धडकणारे वेगळे. एखाद्या पथकाने हुकूम पाळला नाही की पाळी तिथेच संपते, त्यामुळे कोणाला आधी सांगायचे याचीच धाकधूक. अधिकाऱ्याला नावलौकिक मिळत जातो, बढती मिळते, आणि मागच्या खेळातले वैर पुढच्या खेळात येते. पगाराचा नियम तिच्यात आपण घालावा. १५७६ च्या तहानंतरही ह्यूगेनोंच्या मदतीला आलेले योहान कासिमिरचे जर्मन स्वार थकबाकीसाठी फ्रान्समध्ये ठाण मांडून बसले होते. तेव्हा मोहिमेतल्या खेळाडूची तिजोरी रिकामी झाली की त्याच्या राइटर पथकांनी त्याच्याच गावांतून खंडणी वसूल करावी, आणि ती गावे पुढच्या खेळात कोणासाठी दरवाजा उघडतात ते फाशावर ठरवावे.